डायनासोरचं वय कार्बन डेटिंगने निघत नाही

तो मेसेज परत फिरतोय. "कार्बन डेटिंग करून शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की हे हाड ७ कोटी वर्षं जुनं आहे." हाड तितकं जुनं असेलही, पण कार्बन डेटिंगने ते कळणं शक्यच नाही, आणि का शक्य नाही हे शाळेतल्या गणितातच समजतं. कार्बन डेटिंगमध्ये मोजतात तो कार्बन-१४, म्हणजे आपोआप मोडत जाणारा कार्बन. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, म्हणजे दर ५,७३० वर्षांनी त्यातले निम्मे अणू संपतात. समजा अख्खी पृथ्वी, वरपासून गाभ्यापर्यंत, निव्वळ कार्बन-१४ ची बनलेली असती, तरी निम्मे-निम्मे करत दहा लाख वर्षांच्या आतबाहेर शेवटचा अणूसुद्धा उरला नसता. डायनासोर जाऊन ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. प्रत्यक्षात ही पद्धत साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालते, त्यामुळे "कार्बन डेटिंगनुसार लाखो वर्षांपूर्वीची प्रगत संस्कृती" असं कुठे दिसलं की पुढचं वाचायची गरज नाही.

मग कोट्यवधी वर्षांचे आकडे येतात कुठून?

सुरुवातीला आकडे नव्हतेच, फक्त क्रम होता. निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये मांडलं की गाळाचे थर साचतात तेव्हा खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. ऐकायला अगदीच साधं वाटतं, पण भूविज्ञानाची अर्धी इमारत यावर उभी आहे. मग १७८८ मध्ये जेम्स हटन होडीतून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंटला गेला, तिथे खालचे थर जवळपास उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर लाल वालुकाश्माचे थर थोडेसे कललेले, म्हणजे आधी समुद्राच्या तळाशी गाळ साचला, त्याचा दगड झाला, तो दाबाने वळून उभा राहिला, वर आला, झिजला, आणि मग त्या झिजलेल्या जमिनीवर परत नवा गाळ बसला. हटनला वर्षं मोजता येत नव्हती, पण हे काही हजार वर्षांचं काम नाही हे त्याला दिसत होतं. आज आपल्याला माहीत आहे की त्या दोन थरांच्या मधल्या रेषेत जवळपास साडेसहा कोटी वर्षं गायब आहेत. डायनासोर संपल्यापासून आत्तापर्यंत जेवढा काळ गेला, साधारण तेवढाच काळ तिथे एका रेषेत मावलाय!

आता माझ्या आवडीचा भाग, झिरकॉन. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा स्फटिक, वाळूत सापडतो, ग्रॅनाइटमध्ये सापडतो, ज्वालामुखीच्या राखेत सापडतो. (हाच अंगठीत बसवून ग्रह शांत करतात म्हणे. ग्रहांचं माहीत नाही, पण एका ग्रहाचा इतिहास मात्र त्यात खरंच साठवलेला असतो.) वितळलेल्या खडकातून हा स्फटिक तयार होताना झिर्कोनियमच्या जागी थोडं युरेनियम सहज आत शिरतं, कारण आकार आणि विद्युतभार दोन्ही जुळतात. हे युरेनियम हळूहळू मोडत जातं आणि शेवटी त्याचं शिसं होतं. स्फटिक तयार होताना शिशाचं मात्र जुळत नाही, म्हणून ते जवळपास पूर्ण बाहेर राहतं. म्हणजे नंतर त्या कणात जे शिसं सापडेल ते युरेनियम मोडूनच झालेलं असणार. घड्याळ शून्यावर सेट होऊनच सुरू होतं.

आणि एक नाही, दोन घड्याळं, कारण युरेनियमचे दोन प्रकार असतात. युरेनियम-२३८ मोडून शिसं-२०६ होतं, अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं. युरेनियम-२३५ मोडून शिसं-२०७ होतं, अर्धायुष्य ७० कोटी वर्षं. ७० कोटी वर्षांत दुसरं निम्मं संपतं तेव्हा पहिलं जेमतेम १० टक्के संपलेलं असतं. एकाच कणात दोन वेगळ्या गतीची घड्याळं आणि दोन्ही एकच वय सांगतायत, तर शंका घ्यायला फारशी जागा राहत नाही.

पण खरी गंमत घड्याळं बिघडल्यावर आहे. समजा मध्येच कधीतरी खडक खूप तापला आणि कणातलं काही शिसं निसटलं. दोन्ही वयं चुकणार, आणि वेगवेगळी चुकणार. आता एका अक्षावर शिसं-२०७ आणि युरेनियम-२३५ चं गुणोत्तर घ्या, दुसऱ्यावर शिसं-२०६ आणि युरेनियम-२३८ चं. न बिघडलेले सगळे कण एका वक्र रेषेवर पडतात, तिला कॉनकॉर्डिया म्हणतात, जॉर्ज वेदरिलने १९५६ मध्ये हा आलेख मांडला. बिघडलेले कण वक्रावरून खाली घसरतात, पण कुठेही नाही, एका सरळ रेषेतच, कारण रासायनिकदृष्ट्या शिशाचे दोन्ही प्रकार सारखेच, निसटताना दोन्ही एकाच प्रमाणात निसटतात. ती सरळ रेषा वक्राला दोन ठिकाणी छेदते. वरचा छेद म्हणजे स्फटिकाचा जन्म, खालचा छेद म्हणजे तो तापला ती वेळ. बिघडलेल्या घड्याळातून जन्मतारीख मिळते आणि बिघाडाची तारीखही! हे पहिल्यांदा वाचून डोक्यावरून गेलं तर आलेख कागदावर काढून बघा.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले असे काही कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे निघाले. पृथ्वी साधारण ४५५ कोटींची, आणि तो आकडा उल्कांमधल्या शिशावरून आला, क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये काढला, कारण पृथ्वीवरचे पहिले खडक केव्हाच वितळून, झिजून गेलेत. समुद्राचा तळ तर त्याहून तरुण, बहुतेक सगळा २० कोटी वर्षांच्या आतला. भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे, सरकतात नखं वाढतात त्या वेगाने, वर्षाला काही सेंटिमीटर, पण ५ सेंटिमीटर धरले तरी १० कोटी वर्षांत ५,००० किलोमीटर होतात, आणि तेवढ्यात अख्खा महासागर उघडतो.

राहिलं ते हाड. त्याचं वय थेट सहसा काढतच नाहीत, ते ज्या थरात सापडलं त्याच्या खालची आणि वरची ज्वालामुखीची राख शोधतात आणि त्यातल्या स्फटिकांचं वय काढतात, हाड या दोघांच्या मधलं. राखेचं वय चांगल्या लॅबमध्ये दहा-वीस हजार वर्षांच्या फरकात सांगता येतं, जे ६ कोटी ६० लाखांपुढे काहीच नाही. पण लघुग्रह आदळल्यावर डायनासोर वर्षभरात संपले की हजार वर्षांत, हे त्यातून कळत नाही, दोन्ही उत्तरं त्या फरकाच्या आतच बसतात, त्यासाठी परत स्टेनोच्या थरांकडेच जाऊन ते सेंटिमीटर-सेंटिमीटरने वाचावे लागतात.