‘ब्रेक फेल’ होण्याआधीचा उतार

पुण्यात नवले पुलाजवळ मोठा अपघात झाला की ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द हमखास कानावर येतात. पण ब्रेक कुठेही निकामी होऊ शकतात. मग अपघात पुन्हा पुन्हा त्याच परिसरात का होतात? राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात घडले, किंवा दहा माणसे दगावली, तर तो टप्पा सरकारी व्याख्येनुसार ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. अपघात असे एका जागी साचू लागले की केवळ चालकाला दोष देऊन भागत नाही, रस्ताही तपासावा लागतो.

साताऱ्याकडून येणारी वाहने कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडली की त्यांना नवले पुलाच्या दिशेने लांबलचक उतार लागतो. ४० टनांचा ट्रक १०० मीटर उंचीवरून खाली येतो तेव्हा जवळजवळ चार कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. तेवढ्या उष्णतेत शंभर लिटरहून अधिक गार पाणी उकळेल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन पेलते. डिझेल वाचवण्यासाठी ती न्यूट्रलमध्ये सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, त्यांचे घर्षण घटते आणि पेडल दाबूनही वेग आवरत नाही. इंजिनच बंद केले तर एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने येथे सुमारे ४८ वाहनांना धडक दिली.

एवढी वाहने एकाच फटक्यात सापडतात, याचे कारण उताराच्या पायथ्याशी आहे. नऱ्हे, वडगाव, आंबेगाव ही एके काळची गावे आता शहरात आली आहेत, आणि कामावरून घरी परतणारे दुचाकीस्वार बाह्यवळण महामार्गावरूनच ये-जा करतात. वरून येणाऱ्या ट्रकचा वेग ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर असेल, तर वेगात एक तृतीयांश वाढ दिसते, पण धडकेची ऊर्जा पाऊणपटीहून अधिक वाढते. हेल्मेट घातलेल्या माणसालाही असा आघात सोसवत नाही.

म्हणूनच वेगावरचा पहारा पुलापाशी नव्हे, बोगद्याच्या तोंडाशी हवा, असे मला ठामपणे वाटते. खालचा गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा लागतो. गाडीने एकदा वेग घेतला की तो गिअर पडत नाही.