पाणीपातळी सेन्सर, वॉशिंग मशीनमधील : दोष आणि निदान

वॉशिंग मशीनच्या टबात पाणी किती चढले आहे ते ओळखून मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळवणारा घटक. मेकॅनिक याला 'प्रेशर स्विच' किंवा 'लेव्हल सेन्सर' म्हणतात. पहिले नाव जास्त खरे, कारण हा सेन्सर पाण्याला कधी शिवत नाही. तो हवेचा दाब मोजतो. हे ध्यानात नसले की चांगला सेन्सर काढून टाकला जातो आणि मूळ दुखणे मशीनमध्ये तसेच राहते.

टबाच्या तळाशी एका बाजूला प्लॅस्टिकची लहानशी कुपी असते, तिला एअर चेंबर म्हणतात. कुपीच्या माथ्यावरून करंगळीहून बारीक नळी निघते आणि मशीनच्या वरच्या झाकणाखाली बसवलेल्या सेन्सरला जोडलेली असते. टबात पाणी चढू लागले की कुपीतली हवा कोंडते, आणि तिचा दाब नळीवाटे सेन्सरच्या रबरी पडद्यावर पडतो. पाणी १० सेंटीमीटर चढले तर हा दाब वाढतो जेमतेम १ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा शंभरावा हिस्सा. इतक्या नाजूक हिशेबात नळीला सुईच्या अग्राएवढे भोक पडले तरी मशीनचा अंदाज चुकतो.

जुन्या मशीनमध्ये ठरावीक दाबाला पडदा उलटतो आणि आतला संपर्क 'टक्' करून बदलतो. हल्लीच्या मशीनमध्ये पडद्याबरोबर फेराइट या चुंबकीय पदार्थाचा गाभा तारेच्या वेटोळ्यात सरकतो आणि विद्युत मंडलाची वारंवारता (फ्रिक्वेन्सी) बदलते. टब रिकामा असताना ती पुष्कळ नमुन्यांत २६ किलोहर्ट्झच्या आसपास असते व पाणी चढेल तशी उतरते. बोर्ड ही वारंवारता वाचतो. ती आवाक्याबाहेर गेली की मशीनच्या डिस्प्लेवर खूण उमटते : एलजीच्या मशीनवर 'पीई', सॅमसंगवर '१ई' किंवा '१सी'. ही खूण सेन्सरकडून आलेले वाचन पटत नाही एवढेच सांगते. सेन्सर मेला असा तिचा अर्थ घेऊन लगेच नवा मागवणे ही घाई झाली.

लक्षणे दोन टोकांची असतात. हवा कुठेतरी निसटत असेल तर सेन्सरला टब रिकामाच वाटतो. मशीन पाणी घेतच राहते, पार ओसंडेपर्यंत. उलट, कुपीचे तोंड बुजून दाब आत अडकला तर रिकामा टब भरलेला वाटतो. मग मशीन पाणी घेत नाही, पंप उगाच घुरघुरत राहतो, कपडे पिळले जात नाहीत आणि समोरून उघडणाऱ्या मशीनचे दार सुटत नाही. पाणी तापवणाऱ्या मशीनमध्ये हा दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण हीटर कोरडाच तापू शकतो. या दोन्हींच्या मधले एक लक्षण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही : धुणे चालू असताना दर काही मिनिटांनी मशीन पुन्हा थोडे पाणी घेते. नळी अगदी सावकाश गळत असल्याची ही बहुधा पहिली सूचना असते.

गोव्यात हा दोष शोधताना आधी घराकडे पाहावे लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा 'हर घर जल' प्रमाणपत्र मिळवणारे देशातले पहिले राज्य ठरले. पण नळ असणे वेगळे आणि नळाला दाब असणे वेगळे. ओपा, अस्नोडा किंवा साळावली या जलप्रकल्पांचे पाणी बऱ्याच भागांत ठरावीक वेळेलाच येते, म्हणून घरोघर स्लॅबवर टाकी. टाकीच्या प्रत्येक मीटर उंचीमागे सुमारे १० किलोपास्कल दाब मिळतो. अनेक मशीनना निदान ३० ते ५० लागतो. मशीन वरच्या मजल्यावर आणि टाकी डोक्यावर दीड-दोन मीटरवर असेल तर पाणी रडतखडत येते, बोर्ड वाट पाहून थकतो आणि पाणी न आल्याची खूण देतो. त्यात पावसाळ्यात लाल गढूळ पाणी आले की इनलेटच्या तोंडची जाळी जांभ्याच्या बारीक गाळाने बसते. यात सेन्सरचा काही संबंध नाही. जाळी पकडीने ओढून जुन्या टूथब्रशने घासली की काम होते.

फसवणारी दुसरी गोष्ट म्हणजे सांडपाण्याचा पाइप. मशीन मागच्या बाल्कनीत आणि पाइप सरळ मोरीत जमिनीवर सोडलेला, हे दृश्य नेहमीचे. ज्या मशीनमध्ये पंप आहे तिचा पाइप कंपनीने सांगितलेल्या उंचीवर, साधारण कमरेच्या आसपास, अडकवावा लागतो. तो खाली लोंबत असेल तर सायफनने पाणी एकीकडून येते आणि दुसरीकडून जाते. टब भरत नाही, आणि दोष सेन्सरच्या माथी बसतो.

खऱ्या दोषांत मात्र साबणाचा वाटा मोठा. जांभ्याच्या भागातले विहिरीचे पाणी बहुतांशी मऊ असते, त्यात फेस भरपूर होतो. जड पाण्याच्या गावी लागेल तेवढी पावडर इथेही टाकली की फेस थेट कुपीत शिरतो आणि तिथे साबण, तंतू व अंगाच्या तेलाचा राखाडी चिकटा धरतो. वर्षातले दहा महिने कुलूपबंद असणाऱ्या घरांत हा चिकटा वाळून खडा होतो. मुंबईहून मंडळी चवथीला येतात, पाहुण्यांच्या चादरींचा ढीग मशीनमध्ये कोंबतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मेकॅनिक फोन उचलत नाही. बंद घरात उंदीर नळी कुरतडतात तो त्रास वेगळाच. किनाऱ्याजवळ खारी हवा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढवते. पिना साफ करून कनेक्टर दोन-तीनदा काढघाल केल्यावर मशीन सुरळीत झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

तपासणी खालून वर करावी. प्लग काढलेला हवा. नुसते बटण बंद करून भागत नाही. टब पूर्ण रिकामा करून वरचे झाकण उघडावे. सेन्सरवरून नळी सोडवून तिच्यात हलकेच फुंकर घालावी. वाट मोकळी असेल तर फुंकर विनासायास जाते आणि तळाशी पाणी उरले असल्यास बुडबुड ऐकू येते. गाल फुगवूनही हवा जात नसेल तर कुपी तुंबली; ती सोडवून कोमट पाण्याने धुवावी आणि नळी पूर्ण वाळवावी, कारण आत अडकलेला पाण्याचा एक थेंबसुद्धा वाचन बिघडवतो. नळी गळते का हे पाहायला तिचे एक टोक बोटाने दाबून दुसरीकडून फुंकावे आणि ती पाण्यात धरावी. जिथे ती टबाला किंवा पत्र्याला घासते तिथे आधी पाहावे. पिळताना टब हलतो आणि झीज तिथेच होते.

त्यानंतर सेन्सर. जुन्या पद्धतीच्या स्विचला फुंकर घातली की टक् असा आवाज यायला हवा आणि फुंकर सोडल्यावर पुन्हा एकदा. पुष्कळ स्विचवर ११, १२, १४ असे आकडे असतात : रिकाम्या टबात ११ आणि १२ जोडलेले, भरल्यावर ११ आणि १४. मल्टिमीटरने हे मिनिटभरात कळते. नव्या सेन्सरमधून टक् येत नाही, म्हणून तो बाद ठरवू नये. कनेक्टर काढून त्याच्या वेटोळ्याचा रोध पाहावा. अनेक नमुन्यांत तो २० ते २५ ओमच्या घरात असतो. काहीच रोध दिसत नसेल किंवा मीटर अनंत दाखवत असेल तर सेन्सर बदलावा. कुठलाही सेन्सर जोर लावून फुंकू नये, पडदा फाटतो. दाब खरोखर किती येतो हे पाहायचे तर गवंड्याच्या लेव्हल पाइपसारखी पारदर्शक नळी 'यू' आकारात धरून तिच्यात थोडे पाणी घ्यावे व तिचे एक टोक मशीनच्या नळीला जोडावे. टब भरू लागला की दोन भुजांतल्या पाण्यात पडणारे अंतर हाच दाब, आणि ते अंतर आपोआप कमी होत गेले तर गळती. मात्र हे पाहताना मशीन चालू असते, म्हणून उघड्या तारांपासून हात दूर ठेवावा.

सेन्सर ठीक, तारा ठीक, तरी खूण जात नसेल तर बोर्डाकडे वळावे. मे महिन्यातल्या वळिवात वीज कडाडून गेल्यावर बोर्ड गेलेला असण्याची शक्यता धरावीच लागते. सेन्सर काही शे रुपयांत येतो, बोर्डाला हजारो लागतात. मेकॅनिक फोनवरच 'बोर्ड गेला' म्हणाला तर त्याला आधी नळी तपासायला सांगावी. मशीन वॉरंटीत असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी कंपनीला कळवणे बरे.

नळी परत जोडताना टब रिकामा असावा. टबात पाणी असताना जोडली तर कुपीत आधीच पाणी चढलेले असते, दाब कमी वाचला जातो आणि दुरुस्त झालेले मशीनही पहिल्या फेरीत जास्त पाणी घेते. एकदा पूर्ण निचरा केला की कुपीत पुन्हा हवा भरते आणि वाचन जाग्यावर येते.