अपील वेगळं, दावा वेगळा: रॉबर्ट क्राफ्ट यांचा पेच

न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी एनएफएलवर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगवर, दावा लावायचं सोडून दिलं, असं म्हणतात. 2015 मध्ये ते कोर्टात गेले नाहीत, हे खरंच आहे. पण 19 मे रोजी त्यांनी जाहीरपणे सोडून दिलं ते अपील. दावा ही निराळीच गोष्ट, आणि या दोन्हींची गल्लत फार होते.

प्रकरण चेंडूतल्या हवेचं. 18 जानेवारीला कोल्ट्स संघाविरुद्धच्या सामन्यात पेट्रियट्सच्या चेंडूंचा दाब नियमातल्या दर चौरस इंचाला 12.5 पौंडांपेक्षा कमी भरला. सामना त्यांनी 45-7 असा मारला होता, त्यामुळे हवेनं कितीसा फरक पडला असेल हे उघडच आहे. तरी लीगनं 10 लाख डॉलर दंड ठोकला, 2016 च्या ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमधली) पहिल्या फेरीची आणि 2017 मधली चौथ्या फेरीची निवड काढून घेतली आणि संघाचा क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं सांभाळणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) टॉम ब्रेडीला चार सामने बाहेर बसवलं.

अपील करायचं ते लीगच्याच दारात. शिक्षा लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, रॉजर गुडेल यांच्या नावानं झालेली आणि अपिलातही लीगचंच घर. मुदत 21 मेपर्यंत. खर्च फारसा नाही, आशाही फारशी नाही.

दावा कोर्टात, आणि खरी गोम तिथं आहे. एनएफएल म्हणजे 32 संघांचाच संसार. मालक दावा लावतो तेव्हा समोर त्याचे 31 भागीदार असतात आणि लीगच्या वकिलांच्या बिलातला एक वाटा त्याच्याच खिशातून जातो. शिवाय लीगच्या घटनेवर त्यानं स्वतः सही केलेली असते आणि तीच घटना कमिशनरला शिक्षेचे अधिकार देते. न्यायाधीश पहिल्यांदा विचारणार, मान्य करून आत आलात ना?

मग रेडर्स संघाचे मालक अल डेव्हिस लीगविरुद्ध कोर्टात कसे जिंकले? त्यांचं भांडण शिक्षेचं नव्हतंच. संघ ओकलंडहून लॉस एंजेलिसला हलवायला बाकी मालकांनी 22-0 असा नकार दिला. पाच जण तटस्थ राहिले. स्वतंत्र धंदेवाल्यांनी एकत्र येऊन एकाची बाजारपेठ अडवली, असा मक्तेदारीविरोधी कायद्याचा मुद्दा त्यात होता. 1982 मध्ये ज्युरीनं डेव्हिस यांच्या बाजूनं कौल दिला, 1984 मध्ये वरच्या कोर्टानं तो उचलून धरला. क्राफ्ट यांच्याकडे असलं हत्यार नव्हतं. दंड झाला म्हणून बाजारपेठ बंद होत नाही.

ब्रेडीची गोष्ट आणखी वेगळी. तो खेळाडू, त्याच्यामागे खेळाडूंची संघटना आणि तिचा लीगशी झालेला कामगार करार. त्याचं अपील स्वतः गुडेल यांनीच ऐकलं आणि फेटाळलं. मग प्रकरण कोर्टात गेलं. 3 सप्टेंबरला जिल्हा न्यायाधीशांनी बंदी रद्द केली, एप्रिल 2016 मध्ये अपील न्यायालयानं 2-1 नं ती पुन्हा लागू केली. शेवटी 2016 च्या हंगामात ते चार सामने त्याला बाहेर बसावंच लागलं.

माघार घेताना क्राफ्ट यांनी 32 संघांचं हित एका संघाहून मोठं असल्याचं सांगितलं होतं. माझ्या मते त्यांचा हिशेबही चुकीचा नव्हता: आपण नमलो तर लीग ब्रेडीबाबत नरमेल. ती नरमली नाही. 28 जुलैला गुडेल यांनी ब्रेडीची शिक्षा कायम केली आणि दुसऱ्याच दिवशी क्राफ्ट म्हणाले, लीगवर विश्वास ठेवला हीच चूक झाली. अपिलाची मुदत मेमध्येच संपली होती.