पट्टा सोडल्यावर कुत्र्याला काय मिळतं

विश्रामबाग परिसरातले आम्ही काही श्वानपालक सध्या महापालिकेला द्यायच्या निवेदनावर सह्या गोळा करतोय. मागणी एकच आहे: सांगलीत कुंपण घातलेली एक जागा द्या, जिथे कुत्र्याचा पट्टा काढता येईल. सही मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "रोज सकाळी फिरवता ना? मग आणखी काय पाहिजे त्याला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कुत्र्याच्या शरीरातच सापडतं.

सुरुवात नाकापासून करायला हवी. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात कोट्यवधी. हुंगताना कुत्रं सेकंदाला चार-पाच वेळा हवा आत घेतं. बाहेर जाणारी हवा नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून निघते, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. खांबापाशी कुत्रं रेंगाळतं तेव्हा इथून कोण गेलं, नर होता की मादी, मादी माजावर आहे का, हे सगळं ते हुंगून काढत असतं. नेमका तेव्हाच आपण पट्टा ओढतो, कारण आपल्याला ऑफिसला जायचं असतं.

या हुंगण्याचा मनावर काय परिणाम होतो, हे शार्लट ड्युरँटॉन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधकांनी २०१९ मध्ये तपासलं. एका बाजूला ठेवलेल्या वाडग्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूचा रिकामा असतो, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग वाडगा मधोमध ठेवला. आता यात खाऊ असेल की नसेल? आशा असलेलं कुत्रं धावत जातं, नसलेलं रेंगाळतं. त्यानंतर दोन आठवडे काही कुत्र्यांना वासावरून खाऊ शोधायला लावलं आणि काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला. पुन्हा तीच चाचणी घेतली, तर हुंगणारी कुत्री मधल्या वाडग्याकडे आधीपेक्षा लवकर गेली. शिस्तीत चालणाऱ्यांमध्ये तसा फरक पडला नाही. व्यायाम दोघांनाही मिळाला होता, पण नाक कुठे न्यायचं हे ठरवायची मोकळीक एकाच गटाला होती.

दुसरी गोष्ट खेळाची, आणि मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, शेपटीकडचा भाग वर ठेवून कुत्रं दुसऱ्याला खेळायला बोलावतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की ही मुद्रा फक्त सुरुवातीला येते असं नाही. जोरात चावून मान झटकण्यासारखी, भांडण वाटू शकेल अशी कृती करण्याआधी किंवा लगेच नंतर कुत्रं पुन्हा तसं वाकतं. 'हे खेळातलंच आहे, मनावर घेऊ नकोस' एवढा त्याचा अर्थ. पुढे होरोविट्झ यांना असंही दिसलं की समोरच्याचं लक्ष असेल तेव्हाच कुत्रं ही खूण करतं. त्याने तोंड फिरवलं असेल, तर आधी पंजा मारून किंवा ढुशी देऊन त्याचं लक्ष वेधून घेतं.

ही सगळी बोली शरीराची आहे, आणि ताणलेल्या पट्ट्यात ती बोलता येत नाही. अनोळखी कुत्री मोकळी असली की सहसा थोडा वळसा घेऊन जवळ येतात आणि एकमेकांचा मागून वास घेतात. पट्ट्याला धरलेली कुत्री मात्र अरुंद फुटपाथवर समोरासमोर येतात. गळ्याला ताण बसलेला असतो, छाती पुढे आलेली असते, आणि दुसऱ्या कुत्र्याला ती धमकी वाटते. मालक घाबरून पट्टा आणखी आखडतो. शंभर फुटी रस्त्यावर संध्याकाळी जी भुंकाभुंकी चालते, त्यातली बरीच इथून सुरू होते.

आपल्या भागाचं म्हणून एक कारण आणखी आहे. जत-आटपाडीकडचा कारवानी आता सांगलीतल्या फ्लॅटमध्येही दिसतो. हे शिकारी धावपटू कुत्रं आहे. पूर्ण वेगात एका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा अंग आखडलेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. सहा फुटांच्या पट्ट्यात त्याला अशी एक झेपही घेता येत नाही.

आता, अशा मैदानातून रोग पसरतील या विरोध करणाऱ्यांच्या भीतीबद्दल. ती खरी आहे, आणि निवेदनात तिला उत्तर नसेल तर त्या निवेदनाला अर्थ नाही. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. गोल जंताची अंडी कित्येक वर्षं टिकतात, आणि आकडेकृमीच्या अळ्या ओल्या, सावलीतल्या मातीतून माणसाच्या अनवाणी पायातही शिरतात. हे सगळं शीतून मातीत येतं, म्हणून शी उचलणं सक्तीचंच हवं. रेबीजची लस झाल्याचा दाखला बघितल्याशिवाय प्रवेश नको, आणि लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लांना तर मुळीच नको. भित्र्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्यांनाही अशा गर्दीचा त्रासच होतो, त्यांच्या मालकांनी हट्ट धरू नये.

खरा धोका जागेच्या निवडीत आहे. सांगलीत सहज मिळेल अशी मोकळी जमीन बहुधा कृष्णेच्या पूररेषेतली असणार. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा जंतू पुरानंतरच्या ओल्या मातीत तग धरतो, आणि हा आजार कुत्र्यांनाही होतो, माणसांनाही. त्यामुळे पुराच्या पाण्यात जाणारी जागा फुकट मिळाली तरी नाकारावी, असं माझं स्पष्ट मत आहे. उंचावरची जागा मिळाली तरी आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा वर मुरमाचा थर आणि उतार हवाच.

कुंपण विटांच्या भिंतीचं नको. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत चढून अंडी घालते, एकेक मादी हजारांनी. जाळी बरी, पण जाळीतून बाहेरची कुत्री दिसली की दोन्हीकडून भुंकणं सुरू होतं. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच भागात परत सोडायचं, असं २०२३ चे केंद्राचे नियम सांगतात, म्हणजे बाहेर कुत्री असणार हे धरूनच चालायला हवं. जाळीला लागून कोयनेलची दाट वई लावली की हा प्रश्न बराच सुटतो. शोभेची कण्हेर किंवा बिट्टी मात्र चुकूनही लावू नये. दोन्हींतलं विष थेट हृदयावर परिणाम करतं. शिवाय एकामागे एक अशी दोन फाटकं हवीत, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद राहील, आणि लहान चणीच्या कुत्र्यांसाठी वेगळा कप्पा हवा, कारण पळणारं छोटं पॉमेरेनियन बघून मोठ्या कुत्र्यातली शिकारी वृत्ती जागी होऊ शकते. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, अंग थंड ठेवायला ते धापेवरच अवलंबून असतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी फाटकाला कुलूपच बरं.

नागरिकांनी मागणी लावून धरली म्हणून असं मैदान झाल्याचं जुनं उदाहरण अमेरिकेतल्या बर्कलीचं आहे. तिथलं ओलोनी पार्क १९७९ मध्ये आधी प्रयोग म्हणून सुरू झालं, काही वर्षांनी कायम झालं. आपल्याकडे हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला सव्वा एकरापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर श्वान उद्यान उघडलं. आम्हीही एक वर्षाची चाचणीच मागतोय. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मैदानातल्या मातीत जंतांची अंडी आहेत का ते तपासावं, आणि त्यासाठी सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाला महापालिकेने विनंती करावी, असं कलम निवेदनात घातलं आहे. अहवाल खराब आला तर मैदान बंद करा, हेही त्याच कलमात लिहिलंय.