स्नायूंना काहीच आठवत नाही

क्रिकेटच्या समालोचनात ‘मसल मेमरी’चा, म्हणजे सरावाची हालचाल स्नायूंच्याच लक्षात राहते या समजाचा, हल्ली फार बोलबाला आहे. स्नायू बिचारा संदेश आला की आकसतो, थांबला की सैल पडतो. सराव साठतो तो डोक्यात, कवटीच्या मागच्या तळाशी असलेल्या अनुमस्तिष्कात.

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजाकडे साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. त्यातले ०.२ सेकंद तर नुसते दिसून हालचाल सुरू होण्यातच जातात. मायकेल लँड आणि पीटर मॅकलिओड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. हातातून सुटणारा चेंडू पाहिला की नजर उडी मारून टप्प्याच्या जागी आधीच जाऊन थांबते. म्हणजे फलंदाज अंदाजावर खेळतो. हालचालींचे असे अंदाज बसवण्यात अनुमस्तिष्काचा मोठा वाटा असतो. मेंदूच्या वजनात त्याचा हिस्सा जेमतेम दहावा, पण एकूण सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी ६९०० कोटी तिथे!

माझी आवडती पेशी तिथलीच. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये तिचं वर्णन केलं. तिच्या पंख्यासारख्या चपट्या फांद्यांवर लाखाच्या वर समांतर तंतू टेकलेले असतात. कोणता सांधा कुठे आहे, मोठ्या मेंदूने आत्ता काय हुकूम सोडला, याची खबर त्यांच्यातून येते. याखेरीज मस्तिष्कपुच्छातून, म्हणजे मेंदूच्या मज्जारज्जूला जोडलेल्या शेपटातून, एकच आरोही तंतू येऊन तिला वेढतो. पुर्किन्ये पेशी सेकंदाला कित्येक डझन संदेश सोडते, हा तंतू मात्र सेकंदाला जेमतेम एकदा बोलतो. फटका चुकला की बोलतो, आणि त्या क्षणी जे समांतर तंतू कामात होते त्यांचे या पेशीशी असलेले जोड दुबळे होतात. डेव्हिड मार (१९६९) आणि जेम्स अल्बस (१९७१) या संशोधकांनी अशा शिकण्याचं गणित मांडलं. जोड दुबळे होतात असं अल्बसचं म्हणणं होतं, आणि ते १९८२ मध्ये मासाओ इतो यांनी प्रयोगात दाखवलं. आता गंमत अशी, की पुर्किन्ये पेशीचा संदेश रोखणारा असतो. जोड दुबळा, म्हणजे रोखणं कमी, म्हणजे पुढच्या पेशी मोकळ्या. मेंदू शिकतो तो ब्रेक कुठे सोडायचा हे. (इतर जोडही शिकतात हे आता कळलंय, पण ते राहू द्या.)

मुलांचा मध्यमेंदू ‘चालू’ केला की ती डोळे बांधूनही वाचतात, असं सांगणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’वाल्या क्लासचालकांना यातलं काही नको असतं. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलं नाकाजवळच्या फटीतून वाचतात, पालक फी भरतात. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. त्यातल्या काही पेशी मरू लागल्या की पार्किन्सन होतो.

पुन्हा अनुमस्तिष्काकडे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी अनुमस्तिष्कात गोळी लागलेले सैनिक तपासले. लकवा नव्हता, तरी हालचाली विस्कटलेल्या. त्यांच्या एका रुग्णाचा एक हात आपोआप चाले, दुसऱ्याची प्रत्येक हालचाल मात्र विचार करून करावी लागे. आजही डॉक्टर अशा रुग्णाला आधी स्वतःच्या नाकाला, मग डॉक्टरांच्या बोटाला बोट लावायला सांगतात. बोट जवळ येईल तसतशी थरथर वाढते आणि नेम चुकतो. पिऊन तर्र झालेल्या माणसाचाही चुकतो, कारण दारू अनुमस्तिष्कालाही गाठते.