लहान मुलांचा गेम आणि लहान मुलांनाही जमणारा गेम

मागच्या रविवारी रामबागेत ताईकडे जेवायला गेलो होतो, जेवण झाल्यावर मी स्विचवर, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, पोकेमॉन हा गेम काढला तर भाचा म्हणाला, मामा हे तर लहान मुलांचं आहे ना, तू अजून खेळतोस? डोक्यात राहिलंच ते. कारण यात आपण सगळेच दोन वेगळ्या गोष्टी एक करून टाकतो.

लहान मुलांचा गेम म्हणजे मूल जे शिकतंय तेवढंच ज्यात आहे तो. भाची चार वर्षांची आहे, टॅबवर लाल फुगा लाल टोपलीत टाकायचा, बरोबर पडला की टाळ्या. आता तिला रंग येतात, तर दोन मिनिटांत टॅब सोफ्यावर पडलेला असतो. सापशिडीचंही तेच, आपण ठरवायचं असं त्यात काहीच नाही, सगळं फाशावर. असे गेम सुटतात आणि सुटायलाच पाहिजेत.

लहान मुलांनाही जमणारा गेम वेगळा, तो जुन्या वाड्यासारखा असतो, दार बुटकं पण आत चौकामागे चौक. १९८५ चा मारिओ आठवा, आपण कॅसेटमध्ये फुंकर मारून खेळायचो तोच. पहिल्याच स्क्रीनवर तो तपकिरी शत्रू चालत येतो, उडी नाही मारली तर मेलात, बस, एक अक्षर न लिहिता नियम समजला. तोच गेम शेवटच्या किल्ल्यापर्यंत न मरता नेणं मात्र मला अजून जमलेलं नाही.

आणि पोकेमॉन तर १९९६ पासून असंच आहे. दहा वर्षांचं पोरगं आवडता प्राणी घेऊन लढत लढत शेवटपर्यंत जाऊ शकतं. पण आत, मी खेळतो त्या गेममध्ये, प्रत्येक पोकेमॉनला, म्हणजे त्या प्राण्याला, ट्रेनिंगचे जास्तीत जास्त ५१० पॉइंट मिळतात आणि ताकद, बचाव, स्पीड अशा कुठल्याही एका गुणाला २५२ च्या वर देता येत नाहीत, म्हणजे दोन गुण फुल केले की हातात उरतात ६. स्पीड समोरच्यापेक्षा एकाने जरी जास्त असला तरी सहसा आपला वार आधी, त्यामुळे लोक एकेका पॉइंटवर तासन्‌तास डोकं लावतात. याची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते आणि त्यात मोठ्यांचा वेगळा गट असतो.

घोळ होतो तो डब्यावरच्या वयामुळे. युरोपात काही गेमच्या डब्यावर ३ छापतात, त्याचा अर्थ एवढाच की आत लहानांना चालणार नाही असं काही नाही, अवघड किती ते तो आकडा सांगतच नाही. फुटबॉलच्या कितीतरी गेमवर पण तोच ३ छापलेला आहे, त्याला कोणी बालिश म्हणत नाही.

नोकरीमुळे वेळ मिळत नाही म्हणून खेळणं बंद होतं ती तिसरीच गोष्ट.

काल परत गेलो तेव्हा भाच्याला माझी टीम दिली आणि म्हटलं याचे पॉइंट तू वाट. सराफा बाजारात निघायचं होतं, ताई चपला घालून दारात उभी, आणि हा स्क्रीनवरून मान वर न करता विचारतोय, मामा, ते ६ उरलेत ते कुठे टाकू?