मांडवीचा पंप गेला!

वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातल्या एखाद्या पंपांच्या कारखान्यात दहा वर्षांपूर्वीची नोंद सापडली, असं समजा: ‘मांडवीचा पंप परवा गेला.’ लिहिणाऱ्याला ते पुरेसं होतं. आता तो निवृत्त झालाय. मांडवी कुठली? वडोदऱ्याच्या माणसाला चार दरवाजांच्या मधोमध उभी असलेली आपली मांडवीच आठवणार. पण मांडवी कच्छात आहे, सुरत जिल्ह्यातही आहे. परवा म्हणजे किती तारीख? आणि गेला म्हणजे ट्रकवर चढून गिऱ्हाइकाकडे गेला, की जळाला? आपल्याकडे पाहुणाही जातो आणि बल्बही.

संगणकात ‘पंप बिघाड’ शोधलं तर ही नोंद हाती लागणार नाही. तिच्यात बिघाड हा शब्दच नाही. इथे सिमँटिक ॲनोटेशन कामाला येतं. मूळ मजकूर तसाच ठेवून त्यातल्या शब्दांना अर्थाच्या खुणा जोडायच्या: ‘मांडवी’ला त्या एकाच गावाची ठरावीक ओळख, ‘परवा’ला तारीख, ‘गेला’ला ‘बिघाड’. मग ‘हा पंप – बसवलेला आहे – कच्छातल्या मांडवीत’ अशी तीन पदांची विधानं तयार होतात. ती लिहिण्याची आरडीएफ ही रीत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्ये प्रमाण ठरवली. पंप हे एक यंत्र आहे, हेही एकदा सांगून ठेवलं की ‘कच्छातले यंत्रांचे बिघाड’ विचारल्यावर आपली नोंद बरोबर वर येते.

सॉफ्टवेअर मिळतं हो, घोडं अडतं ते शब्दांवर. एकाच कामाला मराठी फिटर ‘दुरुस्ती’ लिहितो, गुजराती स्टोअरवाला ‘समारकाम’, हिशेबखातं ‘मेंटेनन्स’. तिघांना एकाच संकल्पनेखाली आणायचं तर आधी तिघांना एका टेबलाशी बसवावं लागतं. बडोद्याला हे नवं नाही. राज्यकारभारातल्या शब्दांचे अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडणारा ‘सयाजीशासन शब्दकल्पतरू’ इथे १९३१ मध्येच छापला गेला. अर्थात कोश शब्दाला शब्द जोडतो. या वाक्यातल्या ‘गेला’चा अर्थ कोणता, हे तो सांगत नाही.

आताची भाषा-प्रारूपं, म्हणजे ढीगभर मजकुरावरून भाषा शिकलेली सॉफ्टवेअर, तो अंदाज बऱ्यापैकी करतात. आधीच्या ओळीत ‘वाइंडिंग’ (मोटरमधली तारांची गुंडाळी) असेल तर पंप जळाला, माल पाठवल्याचं ‘चलन’ असेल तर रवाना झाला. पण आजूबाजूला काहीच नसेल तर यंत्रही आपल्याइतकंच अडतं. म्हणून खूण नोंद लिहितानाच करून घेतलेली बरी, दोन सेकंदांचं काम. नाहीतर निवृत्त फिटरचं घर शोधत जायचं, आणि तोच उलट विचारणार, “कुठली मांडवी?”